डावखुरी रायफल

इंग्लंडात ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे केली की कॉव्हेंट्रीतली दुपार एकदम आखूड होते. चहा टाकायला उठावं, तर बागेच्या कुंपणावर अंधार येऊन बसलेला असतो. ओल्या पानांचा कुजट, गोडसर वास मागच्या दाराच्या फटीतून आत येतो. शेजारी कुणीतरी लाकडं पेटवतं. त्या धुरामागोमाग मला आणखी एक वास आठवतो, जो आता या घरात कुठंच नाही. पोलादाला लावलेल्या पातळ तेलाचा. शिलाई मशीनच्या तेलासारखा, पण जरा उग्र.

माझी मुलगी केतकी आता स्कॉटलंडमध्ये असते. याच सुमारास तिचा फोन येतो. "बाबा, सीझन सुरू झाला," ती म्हणते. मादी हरणांच्या शिकारीचा सीझन. मग ती तिथल्या पावसाचं सांगते, मी इथल्या बसच्या संपाचं सांगतो आणि आम्ही फोन ठेवतो. ज्या एका शरदाबद्दल आम्हाला बोलायचं असतं, त्याच्या कडेकडेनं दोघंही चालत राहतो.

तेव्हा केतकीला युनिव्हर्सिटीतून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं. फॉरेस्ट्री शिकली होती. मी पुण्याहून मशीन टूल्सचा डिझाइन इंजिनिअर म्हणून या गावात आलो, माझी बायको वसुधा इथल्या प्रायमरी शाळेत लहान मुलांना वाचायला शिकवू लागली. आमच्या पोटी झाडांच्या मागे लागलेली मुलगी कुठून आली, हे आम्हाला कधी कळलं नाही. वॉरिकशरमधल्या एका इस्टेटवर जंगल राखायला तिला ट्रेनी म्हणून घेतलं होतं. तिथं सगळे तिला किट म्हणत.

वसुधा त्या उन्हाळ्यापासून आजारी होती. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून, आवाज खाली आणून जे सांगायचं ते सांगितलं होतं. आम्ही ते ऐकून कार पार्कमध्ये आलो होतो, आणि वसुधा म्हणाली होती, "अहो, येताना कोथिंबीर घ्यायची राहिली."

तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, जेवताना, केतकी म्हणाली, "आई, मला एक बंदूक घ्यायचा आहे."

"घ्यायची आहे," वसुधा म्हणाली. "बंदूक ती." मग तिनं चमचा खाली ठेवला. "बंदूक? कशाला गं?"

केतकीनं समजावून सांगितलं. निम्मं मराठीत, निम्मं इंग्लिशमध्ये. या देशात हरणांना खाणारं जनावर उरलेलं नाही. हरणं वाढत जातात, ओकची कोवळी रोपं शेंड्यापासून खातात, जंगल म्हातारं होत जातं आणि त्याच्या पोटी नवं झाड येत नाही. मग हिवाळ्यात ती भुकेनं मरतात. म्हणून दर वर्षी काही मारावी लागतात. तिचा साहेब ग्रॅहम म्हणाला होता की आता तिनं स्वतःची रायफल घ्यावी. बोल्ट-अ‍ॅक्शन, साधी, पहिलीवहिली, ट्रेनीच्या पगारात बसेल अशी.

मी नाही म्हणालो. आमच्या घरात अंडंसुद्धा केतकीच्या कॉलेजच्या वर्षांत आलं. मी आजही मांस खात नाही. माझ्या मुलीनं लपून बसून एखाद्या मुक्या जिवावर नेम धरायचा, हे मला सहन होणारं नव्हतं. आणि दुसरं कारण मी बोललो नाही: या घरात मरणाची तयारी आधीच चालू होती.

वसुधा मला म्हणाली, "तिला गाडी कुठे आहे? तुम्हीच घेऊन जा दुकानात. आणि नीट बघून घ्या. तुम्हाला लोखंडातलं कळतं."

*

दुकान एका बाजाराच्या गावात होतं. खाली मासे धरायचे गळ आणि मेण लावलेले पावसाळी कोट, वरच्या मजल्यावर बंदुका. मालकाचं नाव डेरेक. पांढऱ्या मिशा, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, आणि बोलताना समोरच्या माणसाला अजिबात घाई न करणारा आवाज. मला वाटलं होतं, एक तपकिरी बाप आणि त्याची बुटकी पोरगी बघून तो भुवया उंचावेल. त्यानं केतकीला फक्त एवढंच विचारलं, "कुठलं जंगल? कुठली हरणं?" आणि तिचं उत्तर नीट ऐकून घेतलं.

त्यानं कपाटातून एकेक रायफल काढून काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवली. फिनलंडची, झेक, अमेरिकन. काहींचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, काहींचा काळ्या प्लास्टिकचा. "प्लास्टिक पावसात फुगत नाही," डेरेक म्हणाला. "दिसायला कुरूप, पण तुझ्या कामाला बरं. पैसे वाचव आणि दुर्बिणीत घाल. पहाटेच्या उजेडात चांगली रायफल काही दाखवत नाही, चांगली काच दाखवते."

मी बोल्ट हातात घेऊन पाहिला. शेवटी तो म्हणजे एक पोलादी कडी: उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. एवढ्यात झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवी आत बसते. झेक रायफलची कडी लोण्यासारखी सरकत होती. ज्यानं कुणी ती घासली होती, त्याला कामाची चाड होती. मी माझ्या नकळत दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीकडे तिच्यासाठी म्हणून पाहत होतो.

"खांद्याला लावून बघ," डेरेक केतकीला म्हणाला.

तिनं लावली. डाव्या खांद्याला.

"ओह डिअर," डेरेक म्हणाला. "लेफ्टी."

सगळ्या कड्या उजव्या बाजूला होत्या. डावखुऱ्या माणसानं अशी रायफल वापरली तर गोळी झाडल्यावर त्याला गालाखालून रायफल काढावी लागते, हात वरून पलीकडे न्यावा लागतो, आणि तेवढ्यात जनावर नजरेतून निसटतं. ते जखमी असलं तर त्याला लगेच दुसरी गोळी देता येत नाही. स्वस्तातल्या कंपन्या डाव्या हाताच्या रायफली करतच नव्हत्या. ज्या करत, त्यांच्या केतकीला परवडणाऱ्या नव्हत्या. सेकंडहँड तर मिळणं मुश्कील, कारण ज्याच्याकडे ती असे तो सोडत नसे.

परतताना गाडीत केतकी म्हणाली, "इट्स फाइन, बाबा. मी शिकते उजव्या हाताने. खूप लोक शिकतो."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली तपकिरी शेतं होती आणि त्यांवर पांढरे सीगल उतरले होते. मी म्हणालो, "तेच बरं."

*

मधल्या काळात पोलिसांचा माणूस घरी येऊन गेला. रायफल घ्यायच्या आधी इथं पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं आणि ते द्यायच्या आधी ते घर पाहतात. त्यानं जिन्याखाली भिंतीत बोल्टनं आवळलेलं रायफलीसाठीचं पोलादी कपाट हलवून पाहिलं. वसुधा सोफ्यावर रजई घेऊन पडली होती. तिनं त्याला चहा घ्यायला लावला, चिवडा दिला. तो चिवड्यातले शेंगदाणे निवडून खात होता आणि तिच्याकडे पाहून त्याचा आवाज आपोआप मऊ झाला होता.

"चावी कुठे ठेवणार, हे फक्त हिला माहीत असलं पाहिजे," तो म्हणाला. "आईवडिलांनाही नाही."

तो गेल्यावर वसुधा हसली. "आजवर हिच्या प्रत्येक खणात काय आहे ते मला माहीत होतं. आता एक चावी हिची."

घरात न सांगायच्या गोष्टी त्या दिवसांत आधीच पुष्कळ होत्या. चावी त्यातल्या त्यात हलकी.

ते कपाट केतकीनं स्कॉटलंडला नेलं. भिंतीतली भोकं मी बुजवलेली नाहीत. व्हॅक्यूम क्लीनर ठेवायला वाकलो की दिसतात.

*

दिवाळीच्या आधी वसुधाला हॉस्पिसमध्ये हलवावं लागलं. शेवटचे दिवस काढायला आलेल्या रुग्णांसाठीची, शहराच्या कडेला, एकमजली, मोठ्या खिडक्यांची इमारत. तिच्या खोलीतून एक बर्चचं झाड दिसे. पिवळी पानं एकेक करून खाली यायची. ती म्हणायची, "घाई नाही बघा त्यांना."

डेरेकनं एक चांगली सेकंडहँड रायफल बाजूला ठेवली होती. उजव्या हाताची. टू-फोर-थ्री मापाच्या गोळीची, म्हणजे इथल्या हरणांना पुरेशी आणि खांद्याला फार धक्का न देणारी. दुर्बिणीसकट केतकीच्या आवाक्यात. मी इंजिनिअरच्या डोक्यानं सगळा विचार केला होता: चांगली कडी, स्वच्छ नळी, वजन बेताचं. राहिला प्रश्न हाताचा, तर सवय होते. मी वसुधाला हे सगळं सांगितलं. तिचं मन दुसरीकडे जावं म्हणून मी तिला रोज असं काहीतरी सांगत असे.

तिनं डोळे उघडले. "नाही," ती म्हणाली.

"अगं, पण..."

"नाही म्हटलं ना. तिला डावीच हवी."

वसुधा स्वतः डावखुरी जन्मली होती. साताऱ्याच्या शाळेत बाईंनी तिचा डावा हात बाकाला रुमालानं बांधून ठेवला होता. ती उजव्या हातानं लिहायला शिकली, जेवायला शिकली, हळदीकुंकू लावायला शिकली. पण सुई ओवताना, कांदा चिरताना, झोपेत उशी सारखी करताना डावा हात पुढे यायचा. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मला ते लक्षात आलं. केतकीनं पहिल्यांदा खडू उचलला तो डाव्या हातानं, तेव्हा पुण्याहून आलेल्या कुणीतरी तो काढून तिच्या उजव्या हातात दिला. वसुधानं तो परत डाव्या हातात ठेवला. मी तिला इतकं रागावलेलं क्वचित पाहिलं आहे.

आता ती उशीला टेकून, श्वास जुळवत म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं हो. अजून चूक झाल्यासारखं वाटतं, माहितीये? डाव्या हातानं देवाला फूल वाहिलं तर आजूबाजूला बघते. इंग्लंडमध्ये. एवढ्या वर्षांनी." थोडं थांबून म्हणाली, "तिला जीव घ्यायचाच आहे तर नीट घेऊ दे. चाचपडत नको. ते बिचारं तडफडेल."

केतकी दारात उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. ती आत आली, आईच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "ओके, आई. डावा."

"डावी," वसुधा म्हणाली.

*

मग आमचं शोधणं सुरू झालं. संध्याकाळी हॉस्पिस, शनिवारी दुकानं. लेस्टरशर, वुस्टर, श्रॉपशरच्या सीमेवरचं एक धान्याचं गोदाम, ज्याच्या अर्ध्या भागात एक बाई बंदुका विकत होती. मोटरवेवर वायपर चालू. केतकी नकाशा मांडीवर घेऊन. मध्येच सर्व्हिस स्टेशनवर चिप्स खायचो, मीठ आणि व्हिनेगर घालून, आणि केतकी गाडीच्या काचेवर बोटानं काहीतरी काढत बसायची. आम्ही वसुधाबद्दल बोलत नसू. नळीच्या लांबीबद्दल बोलायचो. ट्रिगर किती हलका असावा, आवाज कमी करायचं नळकांडं लावायला नळीच्या टोकाला आटे आहेत का, दस्ता तिच्या आखूड हाताला कापावा लागेल का. जगात एवढं बोलण्यासारखं आहे याचं मला आश्चर्य वाटायचं. आता कळतं, तेवढ्या बोलण्यावर आम्ही दोघं तगून होतो.

दुकानदार मला विचारत, "तुम्हालाही हवी आहे का, सर?" मी म्हणे, "नो, नो. आय अ‍ॅम द ड्रायव्हर."

दिवाळी आणि इथली फटाक्यांची रात्र, बॉनफायर नाइट, त्या वर्षी लागून आल्या. हॉस्पिसच्या खिडकीतून लांबचे बाण दिसत. वसुधा विचारायची, "मिळाली का?" आणि आम्ही नकारार्थी मान हलवली की म्हणायची, "मिळेल." तिला आता जेवण जात नव्हतं. चकलीचा तुकडा तिनं नुसता नाकाशी धरला, खूप वेळ.

मग डेरेकचा फोन आला. हेरफर्डकडच्या एका शेतकऱ्याचा खांदा निकामी झाला होता. त्याची रायफल आली होती. डाव्या हाताची, टू-फोर-थ्री. अक्रोडाच्या दस्त्यावर तारेच्या कुंपणाचे ओरखडे, पण कडी उत्तम. डेरेकनं ती दुकानात मांडलीच नव्हती. केतकीनं ती खांद्याला लावली आणि तिचा डावा हात कडीवर गेला तो न शोधता गेला, अंधारात घरातल्या दिव्याच्या बटणावर जातो तसा. डेरेक माझ्याकडे पाहून नुसता हसला. किंमत त्यानं पुष्कळ उतरवली. त्याला वसुधाबद्दल केतकीनं कधी सांगितलं होतं, कोण जाणे.

हॉस्पिसमध्ये रायफल नेता येणं शक्यच नव्हतं. केतकीनं घरी येऊन, ती रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, मोबाइलवर तिच्या कडीचा आवाज रेकॉर्ड केला. संध्याकाळी तिनं तो फोन आईच्या कानाशी धरला.

उचल. मागे. पुढे. खाली.

वसुधा डोळे मिटून ऐकत होती. "परत लाव," ती म्हणाली.

केतकीनं परत लावला.

"कुकरचं झाकण नीट बसलं की असाच आवाज येतो," वसुधा म्हणाली, आणि केतकी हसायला लागली, आणि हसता हसता तिनं तोंड आईच्या रजईत लपवलं. वसुधाचा डावा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. खोलीबाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. बर्चवर थोडीच पानं उरली होती.

*

त्यानंतरच्या आठवड्यात, एका दुपारी, वसुधा गेली. आम्ही दोघं तिथंच होतो. काही विशेष झालं नाही. एका श्वासानंतर दुसरा येईल म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. मी तिच्या पायांवर हात ठेवून बसलो होतो. आयरिश नर्स म्हणाली, "टेक ऑल द टाइम यू नीड," आणि दार लावून गेली. हवा तेवढा वेळ होता, पण माझ्या हाताखालून ऊब निघून चालली होती, आणि तिला कसं थांबवायचं ते मला कळत नव्हतं. मोजे घातले. रजई ओढली. मग हात काढला.

क्रेमॅटोरियममध्ये सगळं वेळेत झालं. एक पडदा सरकला. आम्ही बाहेर आलो तेव्हा पुढच्या कुटुंबाच्या गाड्या थांबलेल्या होत्या, आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं मला पाहून टोपी काढली. माणसं येत राहिली, डबे येत राहिले. मी सगळ्यांना चहा विचारत होतो. केतकी भांडी घासत होती. लोक म्हणाले, बाप-लेकीनं फार धीरानं घेतलं.

नोव्हेंबर संपता संपता एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मी उद्या जाते. जंगलात. तू येतोस?"

ग्रॅहमनं तिला सांगितलं होतं की घाई नाही. पण तिला जायचं होतं, आणि मला त्या घरात एकटं राहायचं नव्हतं.

उजाडायच्या आत आम्ही ओकच्या झाडाला टेकवलेल्या मचाणावर जाऊन बसलो. दोघांना जेमतेम पुरेल एवढं लाकडी बाक. ग्रॅहम जंगलाच्या पलीकडच्या बाजूला होता. केतकीनं मला लोकरीची टोपी कानांवर ओढायला लावली आणि ओठांवर बोट ठेवलं. मग नुसतं बसणं. इतकं गप्प आम्ही कधी शेजारी बसलो नव्हतो. आधी झाडांचे बुंधे दिसू लागले, मग त्यांच्यामधली जागा, मग नेच्यांवरचं हिव. थंडी हाडांत उतरत होती.

हरणं आली ती आवाज न करता. आधी काही नव्हतं आणि मग होतं. तीन-चार माद्या, राखी, ओल्या. त्यांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. केतकी बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिली. एक म्हातारी मादी, पाठीचं हाड वर आलेली, मागे रेंगाळत होती. केतकीचा श्वास एकदा आत गेला, अर्धा बाहेर आला आणि थांबला.

आवाज मला वाटला होता त्याहून खूप लहान होता. तिचा गाल हलला नाही; डाव्या हातानं कडी फिरली आणि दुसरी गोळी तयार होती. ती झाडावी लागली नाही. म्हातारी मादी थोडी धावली, नेच्यांत शिरली आणि खाली बसल्यासारखी झाली. बाकीच्या गेल्या.

आम्ही थांबलो. असं थांबावं लागतं, तिनं हळूच सांगितलं. मग खाली उतरलो. जीव उरला नाही ना ते बघायला तिनं काठीनं हरणीच्या डोळ्याला हलकेच स्पर्श केला, रायफल रिकामी केली आणि फांदीला अडकवली. ती गुडघ्यांवर बसली. मीही बसलो, कारण उभं राहणं बरं दिसेना. दोन्ही तळवे मी हरणीच्या कुशीवर ठेवले. का, ते मला सांगता येणार नाही.

ती गरम होती. दाट, ओल्या केसांखाली चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखी गरम. आणि माझ्या छातीतून एक आवाज निघाला, जो माझा आहे हे मला आधी कळलंच नाही. मी रडत होतो. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, त्या परक्या जंगलात.

केतकीच्या कमरेचा रेडिओ खरखरला. "किट? यू ऑल राइट?" ग्रॅहम विचारत होता.

हरणाला लवकर साफ करावं लागतं, नाहीतर मांस खराब होतं. तिनं सुरी बाहेर काढलेली होती. ती तिनं परत म्यानात घातली आणि रेडिओ तोंडाशी नेला. "गिव्ह अस अ फ्यू मिनिट्स," ती म्हणाली. मग हातमोजे काढून ती माझ्या शेजारी सरकली, आणि तिनंही आपले तळवे माझ्या हातांजवळ ठेवले. झाडांमधून उजेड खाली येत होता. आम्ही दोघं हात न काढता बसून राहिलो, ती गार होईपर्यंत.